व्हिनेगरचा वास आणि एक प्रेमपत्र

२००८ साली मनिलातल्या 'रोग' नावाच्या इंग्रजी मासिकात एक पत्र छापून आलं. (नाव वाचून दचकू नका, इंग्रजीत त्याचा अर्थ उनाड, मवाली असा होतो.) पत्र एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाने आपल्या प्रेयसीला लिहिलेलं होतं. ती राहायची स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्ल्यानामध्ये. तो मनिलात. दोघांमध्ये अर्धं जग. मी तुझ्याकडे यायचं सोडून इथेच का अडकून बसलोय, हे तो तिला समजावत होता. घरच्या जबाबदाऱ्या होत्याच, पण मोठं कारण वेगळं होतं: फिलिपिनो सिनेमा.

पत्र लिहिणाऱ्याचं नाव अलेक्सिस तिओसेको. धंदा, म्हणजे ज्यात पैसे मिळत नाहीत तो, चित्रपट समीक्षेचा. प्रेयसी निका बोहिंत्स हीसुद्धा समीक्षक, 'एक्रान' या स्लोव्हेनियन चित्रपट-मासिकाची संपादक. १ सप्टेंबर २००९ च्या रात्री मनिलाला लागूनच्या केसोन सिटीतल्या घरात शिरलेल्या चोरट्यांनी दोघांनाही गोळ्या घातल्या. तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

शेवट आधीच सांगून टाकला, कारण तिओसेकोबद्दल लिहिताना लोक बहुतेक वेळा त्या रात्रीपाशीच थांबतात. मला कुतूहल आहे ते आधीच्या सात-आठ वर्षांचं. एखाद्या देशाच्या सिनेमासाठी समीक्षक नेमकं करतो तरी काय? आपल्या डोक्यातला समीक्षक म्हणजे शुक्रवारी सिनेमा पाहून रविवारी अडीच तारे देणारा माणूस. त्याच्या शब्दामुळे सिनेमा चालत नाही आणि पडतही नाही, हे आपल्यालाही माहीत असतं आणि त्यालाही. मग असल्या कामासाठी प्रेयसीला दूर ठेवणारा माणूस वेडा म्हणायचा का?

त्याचं उत्तर कळायला आधी तिकिटाचा हिशेब समजून घ्यावा लागेल.

फिलिपिन्समध्ये सिनेमाच्या तिकिटावर स्थानिक सरकारला करमणूक कर घेता येतो, आणि २००९ पर्यंत त्याची कमाल मर्यादा ३० टक्के होती. समजा तिकीट १०० पेसोंचं आहे. त्यातले ३० शहराच्या तिजोरीत. उरलेले ७० थिएटरवाला आणि निर्माता यांनी निम्मे-निम्मे वाटून घेतले असं धरा, म्हणजे निर्मात्याच्या हाती ३५. ज्याने कर्ज काढून सिनेमा बनवला त्याला ३५, आणि ज्याने काहीच केलं नाही त्या पालिकेला ३०. हॉलिवुडचा मोठा चित्रपट हा घाव सोसतो, कारण त्याचा खर्च आधीच जगभरातून निघालेला असतो. तिथल्या तागालोग भाषेतला चित्रपट फक्त घरच्या बाजारावर जगतो. तो या घावाने मरतो.

२००२ साली कायदा करून सरकारने एक पळवाट काढली. एक मूल्यमापन मंडळ नेमलं. चित्रपटाला 'अ' दर्जा मिळाला तर कराची सगळी रक्कम निर्मात्याला परत, 'ब' मिळाला तर ६५ टक्के. आपल्याकडे मराठी चित्रपटांना अनुदान देताना अ आणि ब दर्जा ठरतो, तोच हा प्रकार. दर्जा कोणाला आणि कसा, यावरून तिकडे काय वाद होत असतील ते मराठी निर्मात्याला वेगळं सांगायला नको. पुढे २००९ सालीच कराची कमाल मर्यादा ३० वरून १० टक्क्यांवर आली.

पण थिएटर मिळालं तर हा हिशेब. फिलिपिन्समध्ये जुनी, सुटी थिएटरं बंद पडत गेली आणि पडदे मॉलमध्ये शिरले. मॉलवाल्याला पहिल्या दोन दिवसांत गर्दी लागते. नाही जमली तर सिनेमा उतरतो, आणि बातमी मित्रांपर्यंत पोचेस्तोवर पोस्टरसुद्धा बदललेलं असतं. प्राइम टाइमवरून आपल्याकडे झालेली भांडणं आठवा. वर्षात एक पंधरवडा मात्र खास देशी चित्रपटांचा. २५ डिसेंबरपासून मेट्रो मनिला फिल्म फेस्टिव्हल भरतं, १९७५ पासून. त्या दिवसांत राजधानीच्या पडद्यांवर फक्त फिलिपिनो चित्रपट. कल्पना उत्तम आहे. पण नाताळात पोराबाळांसकट घर बाहेर पडतं, त्यामुळे विनोदी, भुताटकीचे, एकाच नावाचे चौथे-पाचवे भाग अशांचीच चलती. गंभीर समीक्षकांचा या पंधरवड्यावर जुना राग आहे, आणि तो कधीकधी थोडा सोवळाही वाटतो मला. सणासुदीला माणसाने हसू नये काय?

आता व्हिनेगरकडे येतो.

फिल्मची रिळं मुख्यतः दोन प्रकारची होती. जुनी नायट्रेटची, भडकन पेटणारी. १९५० च्या आसपास त्यांची जागा अॅसिटेटने घेतली. अॅसिटेट पेटत नाही, पण कुजतं. उष्णता आणि दमट हवा मिळाली की त्यातून अॅसिटिक अॅसिड सुटायला लागतं. म्हणजे तेच जे चायनीजच्या गाडीवर बाटलीत असतं. डबा उघडला की भपकन आंबट वास येतो. तोवर फिल्म आक्रसलेली असते, कडा वळलेल्या असतात, वरचा थर सुटायला लागलेला असतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हा रोग शेजारच्या डब्यालाही लागतो. उपाय एकच: थंड, कोरडी खोली, बारा महिने, वीज न जाता. मनिलाची हवा कशी? आपल्या कोकणातल्या जुलैची कल्पना करा.

फिलिपिन्सचा पहिला देशी कथापट होसे नेपोमुसेनो यांनी १९१९ साली काढला, 'दालागांग बुकिद', म्हणजे गावाकडची मुलगी. त्याची एकही प्रत उरलेली नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये अमेरिकन आणि जपानी फौजांच्या लढाईत मनिला शहर महिनाभरात जमीनदोस्त झालं, सुमारे लाखभर नागरिक मेले. जिथे माणसं वाचली नाहीत तिथे डब्यांची काय कथा. युद्धापूर्वीच्या शेकडो चित्रपटांतले आज हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके शिल्लक आहेत. पण नंतरचेही गेले. १९६०-७० च्या दशकातले चित्रपट, ज्यांचे दिग्दर्शक आणि नट जिवंत होते, तेसुद्धा व्हिनेगर होऊन गेले.

हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीत त्यांच्या पत्नी इमेल्डाबाईंनी मनिलात एक भव्य फिल्म सेंटर उभारायला घेतलं. जानेवारी १९८२ च्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाची तारीख ठरलेली, काम रात्रंदिवस चालू. १७ नोव्हेंबर १९८१ च्या पहाटे परांच्या कोसळल्या आणि मजूर ओल्या सिमेंटमध्ये पडले. किती मेले यावर आजही एकमत नाही. महोत्सव मात्र ठरल्या दिवशी झाला. याच काळात सरकारी फिल्म संग्रहही सुरू झाला होता, पण १९८६ साली मार्कोस पळाले आणि संग्रहही बंद पडला. त्यानंतर राष्ट्रीय संग्रह पुन्हा उभा राहायला २०११ उजाडलं. मधली पंचवीस वर्षं डबे कुठे होते? स्टुडिओंच्या गोदामांत, प्रयोगशाळांच्या कोपऱ्यांत, कोणाच्या माळ्यावर.

पुण्याच्या माणसाला इथे लॉ कॉलेज रोड आठवतो. आपलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं आणि पी. के. नायर यांच्यासारखा डबे गोळा करत देशभर हिंडणारा माणूस त्याला मिळाला. तरी आपले बहुतेक मूकपट गेलेच. आता विचार करा, नायरही नाहीत आणि संग्रहालयही नाही. मग एखाद्या चित्रपटाचं अस्तित्व कुठे उरतं? ज्याने तो पाहिला आणि त्यावर काही लिहून ठेवलं, त्याच्या कागदावर.

समीक्षेचं वजन इथे बदलतं. सिनेमा सहज मिळतो तिथे समीक्षक मत देतो. सिनेमा मिळतच नाही तिथे समीक्षक साक्ष देतो. अमुक चित्रपट होता, तो असा होता, मी पाहिला.

हे ओळखणारा तिओसेको पहिला नव्हता. १९७६ साली, म्हणजे मार्शल लॉ चालू असताना, मनिलातल्या काही प्राध्यापक-समीक्षकांनी 'मानुनुरी नंग पेलिकुलांग पिलिपिनो' नावाचा गट काढला. मानुनुरी म्हणजे समीक्षक, पेलिकुला हा स्पॅनिश शब्द. तीन शतकांहून जास्त काळ स्पेनची आणि नंतर जवळपास अर्धं शतक अमेरिकेची सत्ता. फिलिपिनो स्वतःच थट्टेने म्हणतात, आम्ही तीनशे वर्षं मठात काढली आणि पन्नास हॉलिवुडमध्ये. भाषेत त्याच्या खुणा पावलोपावली. गोव्याच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. या गटाने 'उरिअन' नावाचे पुरस्कार सुरू केले. आपला सिनेमा गंभीरपणे पाहण्यासारखा आहे, हे आधी आपल्याच लोकांना पटवायचं होतं.

आणि सिनेमा तसा होता. एकच दृश्य दाखवतो. दिग्दर्शक लिनो ब्रोका यांचा १९७५ चा 'मायनिला: सा म्गा कुको नंग लिवानाग', म्हणजे 'मनिला: प्रकाशाच्या नखांमध्ये'. (प्रकाशाला नखं! अंधाराला असती तर नाव सपक झालं असतं.) सुरुवातीला पडदा कृष्णधवल. पहाटेचा बिनोंदो भाग, मनिलाचं चायनाटाऊन, हळूहळू जागा होतोय. दुकानांच्या फळ्या निघतायत, रस्ते झाडले जातायत. मग हळूच चित्रात रंग उतरतो. कोपऱ्यावर एक तरुण उभा आहे, हुलिओ. गावाकडचा कोळी. तो समोरच्या इमारतीच्या खिडकीकडे पाहतोय. त्याची मैत्रीण नोकरीच्या आशेने शहरात आली आणि बेपत्ता झाली. ती त्या खिडकीआड असावी असा त्याला संशय आहे. बस्स. मोठं काही घडत नाही.

आता समीक्षक इथे काय करतो ते पाहा. तो तुम्हाला पाटी वाचायला लावतो. हुलिओ उभा आहे त्या रस्त्याचं नाव मिसेरिकोर्दिया, म्हणजे दया. मैत्रिणीचं नाव लिगाया पाराइसो, म्हणजे आनंद आणि स्वर्ग. आनंद नावाची मुलगी दया नावाच्या रस्त्यावर कोंडलेली आहे. हे एकदा कळलं की पुढचे दोन तास वेगळे दिसतात. हुलिओ बांधकामावर मजुरी करतो, पगारपत्रकावर एक आकडा आणि हातात दुसरा, मधला मुकादमाच्या खिशात. ब्रोका कुठेही भाषण देत नाहीत, मार्कोसचं नावही घेत नाहीत. सेन्सॉरला कात्री लावायला जागा सापडत नाही आणि प्रेक्षकाला मात्र सगळं कळतं. ते कसं कळतं, हे उलगडून सांगणं म्हणजे समीक्षा. चांगलं-वाईट नंतर.

तिओसेको या परंपरेत उशिरा आणि बाहेरून आला. लहानपण कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये गेलेलं, १९९६ च्या सुमारास पंधरा वर्षांचा असताना तो मनिलाला परतला. आपल्याच देशात परका. अशी माणसं एक तर नाकं मुरडतात, नाहीतर प्रेमात पडतात. त्याला प्रेमात पाडलं ते दिग्दर्शक लाव दियाझ यांच्या पाच तासांच्या 'बातांग वेस्ट साइड' या चित्रपटाने. पुढे तो विद्यापीठात चित्रपट शिकवायला लागला आणि २००५ साली त्याने 'क्रिटिसिने' सुरू केलं, आग्नेय आशियाच्या सिनेमाला वाहिलेलं इंटरनेटवरचं नियतकालिक. कागदाचा खर्च नाही, शब्दांची मर्यादा नाही. दिग्दर्शकांच्या लांबलचक मुलाखती, ज्यांत तो प्रश्न विचारून गप्प बसायचा.

वेळ अचूक होती. नेमकं त्याच सुमारास डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले. फिल्मच्या एका डब्याच्या पैशांत आख्खा सिनेमा चित्रित व्हायला लागला. स्वतंत्र फिलिपिनो चित्रपटांचा सिनेमालाया महोत्सवही २००५ चाच. राया मार्टिन, जॉन तोरेस, खाव्न अशी विशी-तिशीतली पोरं घरच्या घरी सिनेमे बनवत होती. पण सिनेमा बनवणं स्वस्त झालं म्हणून तो पाहिला जाणं सोपं होत नाही. मधली साखळी अशी चालते: कोणीतरी तो आधी पाहावा लागतो. त्यावर परदेशातल्या माणसाला कळेल असं लिहावं लागतं. उपशीर्षकं लागतात. मग डिस्क पाकिटात घालून रॉटरडॅमला, व्हेनिसला कोणाला पाठवायची ते माहीत असावं लागतं, कारण महोत्सवाच्या निवडकर्त्यांच्या टेबलावर अशा डिस्कचा ढीग असतो आणि ढिगातून एक उचलायला त्यांना कोणाच्या तरी शब्दाचा भरवसा हवा असतो. तिथे चित्रपट लागला की मायदेशातले पेपर दखल घेतात आणि पुढच्या सिनेमाला चार पैसे मिळण्याची आशा निर्माण होते. तिओसेको या साखळीतल्या जवळजवळ प्रत्येक कडीवर उभा होता. हे हमालीचं काम आहे आणि त्याला तारे देता येत नाहीत.

दियाझ यांच्या बाबतीत तर समीक्षकाशिवाय गत्यंतरच नव्हतं. त्यांचा २००४ सालचा एका फिलिपिनो कुटुंबावरचा चित्रपट दहा तासांहून मोठा आहे आणि बनायला जवळपास दहा वर्षं लागली. कुठला मॉल हा लावणार? मी त्यांचा 'नोर्ते' पाहिलाय, चार तास दहा मिनिटं, त्यांच्या मानाने शॉर्ट फिल्मच. पहिल्या तासात दोनदा घड्याळ पाहिलं, जवळचा चिवडा संपवला. दुसऱ्या तासात कधीतरी लक्षात आलं की भाजीची गाडी ढकलत जाणाऱ्या त्या बाईकडे मी गोष्ट पुढे जायची वाट न पाहता नुसता बघत बसलोय, खिडकीतून रस्ता बघावा तसा. लांबीचा मुद्दा हाच आहे. सिनेमाचे दोन तास हे बाजाराने ठरवलेले आहेत, दिवसाला चार-पाच खेळ बसावेत म्हणून. शेतकऱ्याचा दिवस दोन तासांत बसत नाही. कोणी हे आधी सांगितलं असेल तर माणूस खुर्चीत टिकतो. नाहीतर मध्यंतराची वाट पाहतो, आणि मध्यंतर नसतंच.

इथे एक काळजीची बाजूही आहे. परदेशी महोत्सवांना कोणता फिलिपिन्स आवडतो? ब्रोकांचा 'इन्सिआंग' १९७८ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवाला गेला, तिथे दाखवला गेलेला पहिला फिलिपिनो चित्रपट, आणि तो मनिलाच्या झोपडपट्टीतला होता. त्याला तिथवर नेलं ते पिएर रिसिआं या फ्रेंच माणसाने. तेव्हापासून झोपडपट्टी दाखवली की महोत्सव मिळतो, असा टोमणा मनिलात हमखास ऐकू येतो. टोमण्यात तथ्य आहे. म्हणूनच घरचा समीक्षक लागतो. बाहेरच्याला गरिबी दिसते. घरच्याला त्याच गरिबीतले दहा वेगळे चित्रपट दिसतात, आणि त्यातला कोणता खरा आणि कोणता पाहुण्यांसाठी मांडलेला, हेही.

घरचा म्हणजे घरातच राहणारा असं मात्र नाही. नोएल वेरा हे जुने समीक्षक मनिलाच्या वृत्तपत्रांत लिहीत आले, अमेरिकेत राहायला गेले तरी त्यांचं लिखाण फिलिपिनो सिनेमाभोवतीच फिरत राहिलं. त्यांचं पुस्तक २००५ साली सिंगापुरात निघालं. ब्रोकांच्या सावलीत झाकल्या गेलेल्या मारियो ओहारांची बाजू त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली. ओहारा म्हणजे 'इन्सिआंग'चे लेखक, आणि स्वतः दिग्दर्शकही. एकाच माणसाबद्दल पंचवीस वर्षं लोकांना सांगत राहणं, हाही समीक्षेचा एक प्रकार आहे, आणि चिकाटी लागते त्याला.

२००९ नंतर बरंच काही घडलं. ब्रोकांचा 'मायनिला' इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत दुरुस्त होऊन २०१३ साली कानमध्ये पुन्हा झळकला. त्याचे छायाचित्रकार माइक दे लिऑन, स्वतः मोठे दिग्दर्शक, या कामात सोबत होते. दियाझ यांना २०१४ साली लोकार्नो महोत्सवाचा सोनेरी बिबट्या हा पुरस्कार मिळाला, २०१६ साली व्हेनिसचा सोनेरी सिंह. सिंह मिळालेला चित्रपट पावणेचार तासांचा, आणि तो मायदेशातल्या नेहमीच्या थिएटरांतही लागला. त्याआधी २०१२ मध्ये दियाझ यांनी तिओसेको आणि निकाच्या खुनावर एक माहितीपट केला. त्यात पार्श्वसंगीताचा गहिवर नाही. एक मित्र कॅमेऱ्यासमोर बसतो आणि त्या रात्री काय झालं, पोलिसांनी काय केलं, काय केलं नाही, ते सांगत राहतो. कॅमेरा हलत नाही.

त्या पत्रात तिओसेकोने म्हटलं होतं की चांगल्या समीक्षकाची पहिली ऊर्मी प्रेमाची असायला हवी. हे वाक्य आता फिलिपिनो सिनेमावाल्यांत पाठ झालंय, आणि पाठ झालेल्या वाक्यांचं होतं तसं थोडं गुळगुळीतही. पण ते मुळात एका माणसाने एका बाईला लिहिलं होतं, मनिला सोडता न येण्याची सबब म्हणून. ती स्वतः संपादक, कच्चा युक्तिवाद लगेच ओळखणारी. २००९ साली ल्युब्ल्यानातलं काम आणि घर आवरून निका मनिलाला राहायला आली.